मिरचीची धुरी आणि दीपकचा मोबाईल

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोरही नाही — देवासमोर मी तशीही फार वेळ उभी राहत नाही, कामं असतात. ठरवलेलं काम उद्यावर टाकायची मला सवय नाही. हे एक मात्र टाकत आले. माझा मुलगा चेतन सहावीत होता तेव्हापासून, आणि आता तो कॉलेजात आहे.

आमचं गाव शहादा तालुक्यातलं, तापीच्या अंगाला. शेती आहे, पण घर चालतं मिरचीवर. ओली लाल मिरची घ्यायची, मोकळ्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, पसरून वाळवायची, बायका लावून देठ खुडायचे, माल नंदुरबारला पाठवायचा. हा सगळा व्यवहार मी बघते. हिवाळाभर आमच्याकडे सगळे खोकत असतात, शिंकत असतात. मिरचीच्या घरात खोकल्याचा आवाज आला म्हणून कुणी मान वर करत नाही.

मला लोक ओळखतात ते मात्र मिरचीमुळे नाही. ओळखतात ते मोबाईलवर भाषणं करणारी ताई म्हणून. शाळेचा पालक मेळावा असो, बचत गटाची बैठक असो — बोलावणं यायचं, पार ब्राह्मणपुरीपर्यंत. विषय ठरलेला. मारामारीचे खेळ, रक्ताचे सिनेमे आणि आपली मुलं. शिकलेले वक्ते अभ्यास काय म्हणतो ते सांगत. त्यांच्यात एकमत नसायचं. एक म्हणे परिणाम होतो, दुसरा म्हणे इतकं सोपं नाही. मग मी उठायची आणि घरचा दाखला द्यायची. माझ्या स्वतःच्या मुलाने काय केलं, कुठे बघून केलं. आई पोटच्या पोराविरुद्ध साक्ष देते आहे म्हटल्यावर तिला उलटा प्रश्न कोण विचारणार?

एकीने विचारला. मागच्या रांगेतली, मजुरीला जाणारी असावी. उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मन्हा घर मोबाईलच नही. तरी मन्हा पोऱ्या धाकला भाऊले मारस. तो कोठे शिकना?"

"शेजारच्याचा बघत असेल," मी म्हणाले. लोक हसले. ती बसली. मला नारळ आणि शाल मिळाली. पुढच्या महिन्यात मी दुसऱ्या शाळेत तेच भाषण केलं.

आता तो दाखला सांगते. आधी भाषणात सांगायची तसा.

आमच्या घरी माझा धाकटा दीर दीपक राहायचा. तेवीस-चोवीसचा, हसरा, कामाला बरा, मोबाईलचा वेडा. त्याच्या मोबाईलवर बंदुकीचा एक खेळ होता. काका-पुतण्या दोघं ओट्यावर बसून तो खेळायचे आणि खेळातलं कुणी मागून आलं की एकमेकांना ओरडून सांगायचे, "मांगून वना, मांगून वना, मार." त्या हिवाळ्यात शेजारच्या मंगलाताईंच्या मोनूने चेतनची पतंगाची फिरकी मोडली. मोनू सात वर्षांचा. चेतनने त्याला गोड बोलून आमच्या शेडमागच्या खोलीत नेलं, घमेल्यात निखारे घेतले, त्यावर मूठभर सुकी मिरची टाकली आणि बाहेरून कडी लावली.

मोनू खोकत राहिला. पण मी सांगितलंच — आमच्याकडे खोकला कोण ऐकतं? अंगणात देठ खुडणाऱ्या बायका होत्या, मी होते, माल भरणारी माणसं होती. मोनू आत दारावर हात मारत होता तो आवाज शेवटी दीपकने ऐकला. त्यानेच कडी काढली, पोराला उचलून पंपाखाली धरलं, घमेलं बाहेर आणून पाणी ओतलं. मोनूला शहाद्याला दवाखान्यात न्यावं लागलं. डोळे सुजले होते, श्वास लागत होता. दोन दिवसांनी बरा झाला. आज तो क्रिकेट खेळतो, आवाज चौकापर्यंत येतो. तो आवाज ऐकला की मला बरं वाटतं. इतकं बरं, की मंगलाताई त्याच्यावर ओरडल्या तर मला त्यांचाच राग येतो.

दवाखान्यातून आल्यावर मंगलाताई आमच्या अंगणात उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. त्यांनी सरळ मला विचारलं, "हाऊ पोऱ्या हाई कोठे शिकना?"

सगळे तिथेच होते. चेतनचे पप्पा, सासरे, दोन-चार शेजारी. चेतन खांबाला धरून उभा. दीपक त्याच्या बाजूला.

मी म्हणाले, "मोबाईलमा. दीपकना मोबाईलमा दखं त्यानी."

भाषणात मी इथे थांबायची. टाळ्या इथेच यायच्या.

पण त्या खेळात मिरची नव्हती हो. धुरी नव्हती, घमेलं नव्हतं, बाहेरची कडी नव्हती. ते चेतन माझ्याकडून शिकला होता.

महिनाभर आधी अवकाळी पाऊस आला होता. मी नंदुरबारला होते. ढग आले तर पथारीवर ताडपत्री टाक, असं चेतनला बजावून गेले होते. तो मोबाईलमध्ये गुंग होता — हे खरं, आणि म्हणूनच माझं खोटं इतकं छान बसलं. परत आले तर मिरची भिजलेली, रंग जाणार, माल काळा पडणार. मी त्याला मारलं नाही. मारणाऱ्या बायकांना मी अडाणी समजायची. मी त्याला त्या खोलीत नेलं, घमेल्यात निखारे घेतले, मिरची टाकली, कडी लावली. आणि बाहेर येऊन भिजलेला माल पालथा करत बसले. आतला खोकला मला ऐकू येत होता. बाकी कुणाला नसेल, मला येत होता. तेव्हाही कडी दीपकनेच काढली. पोराचे डोळे ताकाने धुतले आणि त्याला ओट्यावर घेऊन बसला.

तर अंगणात मी "मोबाईलमा" म्हणाले तेव्हा तिथे तीन माणसांना खरं माहीत होतं. मी, बारा वर्षांचा चेतन आणि दीपक. चेतनने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. दीपकने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं — भाभी, तू बी तर करं व्हतं. एवढंच. का नाही बोलला? मला अजून कळलेलं नाही. त्याने खिशातला मोबाईल काढून ओट्यावर ठेवला. चेतनच्या पप्पांनी तो दगडावर आपटला.

आणि गाव? धुरी माहीत नाही असं एक घर आमच्या गावात नव्हतं. म्हाताऱ्यांनी ती खाल्ली होती, दिली होती. तरी "मोबाईल" म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मंगलाताईंचासुद्धा. दोष बाहेरून आला होता, कंपनीने बनवून पाठवला होता. मला भाषणाला बोलावू लागले ते त्याच आठवड्यापासून.

मोबाईलमुळे मुलं बिघडत नाहीत, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. शिकलेल्या लोकांनी ते शोधावं, भांडावं. मला एकाच मुलाचं माहीत आहे, आणि त्याच्याबद्दल मी खोटी साक्ष दिली.

दीपकला त्याचा त्रास झाला. "पोरं बिघाडणारा" हे नाव चिकटलं. लहान मुलं त्याच्याजवळ बसली की आया हाक मारून बोलवायच्या. एक सोयरीक मोडली. मोडायला आलेल्या माणसाने कारण सांगितलं तेव्हा मीच त्याला चहा देत होते. हंगाम संपायच्या आत दीपक सुरतला गेला, एका कापड मार्केटात लागला. सणालाही फारसा येईना. सासूबाई गेल्या तेव्हा आला, तेरावं झालं की परत गेला.

त्याने तिकडेच लग्न केलं. गेल्या वर्षी मी मालाच्या कामासाठी सुरतला गेले, तेव्हा त्याच्या घरी उतरले. बायको कामाला गेलेली. मुलगी तीन वर्षांची, हट्टी, वाटीतला भात फेकत होती. मी समोर बसलेली. दीपकने तिला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"भाभी, हिले दख जरा. मी दूध लई येस."

आणि गेला. तीन मजले उतरून, रस्ता ओलांडून. त्या पोरीने माझ्या साडीला भात पुसला, मग माझ्या बांगड्या मोजायला लागली, एकावर दोन आणि दोनावर पाच. ज्या माणसाने दोनदा ती कडी काढली होती, त्याने आपलं लेकरू माझ्याजवळ एकटं सोडलं होतं. आयुष्यात मला नारळ खूप मिळाले. यासारखं काही मिळालेलं नाही. तो दूध घेऊन आला, चहा झाला, मी कापडाचे भाव विचारले, त्याने सांगितले. आभार मानायला तोंड उघडलं असतं तर बाकीचंही बाहेर आलं असतं. मी नाही उघडलं.

चेतनचे उपकार वेगळे. त्याने मला आई म्हणणं थांबवलं नाही. हे मासिकात लिहिणार आहे असं त्याला परवा सांगितलं — काय लिहिणार ते सांगावं लागलं नाही. जेवत होता. म्हणाला, "लिख ना मंग. पन मन्हा फोटो टाकू नको." मग थोड्या वेळाने, ताटाकडे बघत, "काकानं नाव नीट लिख."

लिहिते. दीपक माझा दीर. त्याने माझ्या मुलाला बंदुकीचा एक खेळ शिकवला आणि डोळे ताकाने कसे धुवायचे ते शिकवलं. धुरी मी शिकवली. गावासमोर त्याचं नाव मी घेतलं, आणि मेळाव्यांमधून पुन्हा पुन्हा घेत राहिले. या मासिकाचे अंक गावात येतात. मंगलाताई वाचतात.