राखून ठेवलेलं मशीन

अण्णा नवीन शर्ट कधी घालत नसत. म्हणजे घेत, दर दिवाळीला घेत, पण तो कपाटात जाई आणि गेल्या दिवाळीचा बाहेर येई. त्यामुळे त्यांच्या अंगावर कायम वर्षभर शिळी फॅशन असे, तीही कडक इस्त्रीत. घरी टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक, खुर्च्यांवर प्लास्टिक, जावयाने दिलेल्या घड्याळावरही प्लास्टिक. काढा की ते, असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "इरली बिडी. पुढं लागंल." त्यातले पहिले दोन शब्द कानडी. असू द्या, राहू द्या, असा त्यांचा अर्थ. आमच्याकडे नव्याने बदलून आलेल्या माणसाला कानडीचे हेच दोन शब्द सगळ्यात आधी येत.

आमचं ग्रामीण रुग्णालय सोलापूरहून अक्कलकोटच्या बाजूला. अण्णा तिथले स्टोअरकीपर. सलाइन, हातमोजे, औषधं, चादरी, सगळं त्यांच्या कुलपाखाली. गळ्यात इष्टलिंग आणि कमरेला किल्ल्या, आणि दोन्हींवरची निष्ठा सारखीच. मी स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा आमची पहिली ओळख भांडणातून झाली. मी गॉजचे बंडल मागितले की ते निम्मे देत आणि उरलेले उद्या न्या म्हणत. उद्या गेलं की त्याचेही निम्मे. मी डॉक्टरसाहेबांकडे तक्रार घेऊन गेले तर ते हसले. म्हणाले, सिस्टर, मलाही तो निम्मंच देतो, मी मुळात दुप्पट मागतो.

पण या हात आखडता घेण्यामागे एक गोष्ट होती आणि ती कळल्यावर माझं भांडण थांबलं. अण्णा नोकरीत नवे होते तेव्हा सापाच्या विषावरची लस संपली होती. मागणी वर पाठवलेली, पुरवठा नाही. शेतात साप चावलेली एक बाई त्यांच्यासमोर व्हरांड्यातच दगावली. तेव्हापासून कुठलीही वस्तू आली की अण्णा तिच्यातली थोडी मागच्या कपाटात ठेवत आणि ती नाहीच असं समजत. सरकारी माल एकदा येतो, पुन्हा मागितलं तर येईलच असं नाही, हे ते अनुभवाने शिकले होते. पुढे त्या कपाटातल्या लशीने कितीतरी माणसं वाचली. चादरींचं मात्र हसू झालं. साहेबलोकांच्या तपासणीसाठी म्हणून त्यांनी नव्या चादरी इतकी वर्षं जपल्या की घातल्या त्या दिवशी घड्यांवर पिवळे पट्टे होते आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, या कुणाच्या काळातल्या.

अण्णांची थट्टा करायचा हक्क सगळ्यांना होता, पण परवाना एकट्या बशीरभाईंकडे. बशीरभाई आमच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर. दोघे मिळून एक चहा मागवत. बशीरभाई आपला अर्धा गरम गरम पिऊन मोकळे होत आणि अण्णा आपला अर्धा झाकून ठेवत, संध्याकाळसाठी. "अण्णा, तू सांस भी आधी लेता क्या रे," असं बशीरभाई विचारत. अण्णा ओठ दाबून हसत. दोघांची घरं वेगळी, भाषा वेगळ्या, पण एकाची रजा असली की दुसऱ्याचं कामात लक्ष नसे.

करोनाची पहिली लाट आली आणि अण्णांचं नशीब उजळलं. मास्क कुठेच मिळेनात. मोठमोठ्या दवाखान्यांतले लोक रुमाल बांधून काम करत होते. आमच्याकडे मात्र अण्णांनी मागचं कपाट उघडलं आणि स्वाइन फ्लूच्या वेळचे मास्क, हातमोजे, गाउन बाहेर काढले. काही मास्कचं इलॅस्टिक ढिलं झालं होतं, ते आम्ही शिवून घेतलं. बाहेरून मदत पोचेपर्यंत आमचा सगळा वॉर्ड त्या कपाटावर चालला. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर अण्णांना नमस्कार केला. मीसुद्धा केला. अण्णा लाजले, पण त्या दिवसापासून त्यांची मान ताठ झाली. आता वाटतं, त्या नमस्काराने आम्ही त्यांची सवय आणखी पक्की केली. आयुष्यभर ज्याला सगळे चिक्कू म्हणून हसले, तोच बरोबर ठरला होता. मग पुढे त्याने दुसरं काही का ऐकावं?

दुसऱ्या लाटेत परदेशातून मदत आली. हवेतून ऑक्सिजन काढणारी मशीनं, चाकांवर ढकलता येतील अशी. खोक्यांवर परक्या लिपीतली अक्षरं आणि एक झेंडा. सोलापूरहून टेम्पो आला तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसांनी आमच्या तालुक्यातल्या माणसांच्या श्वासाचा विचार केला होता. वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या, सोलापुरात फोन केला की जागा नाही एवढंच ऐकू येई, आणि इथे दारात मशीनं उभी होती.

त्यांच्या मागोमाग मदत पाठवणाऱ्या संस्थेच्या एक इंजिनिअर मॅडम आल्या. वय लहान, पण कामाला वाघ. त्या म्हणाल्या, ज्या देशातून ही मशीनं आली तिथली वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची असते. थेट आपल्या सॉकेटमध्ये लावलं तर जळतील. म्हणून प्रत्येक मशीनमागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल, तो मी आणलाय, सगळी मशीनं माझ्यासमोर आणा. दिवसभर त्या जमिनीवर बसून जोडत होत्या. आम्हा सिस्टर लोकांना फिल्टर धुवायला शिकवलं, वॉर्डबॉयला ऑक्सिजन मोजायचं बोटावरचं यंत्र वाचायला शिकवलं. नुसत्या वस्तू देऊन दवाखाना सुधारत नाही, तो चालवणारी माणसं तयार व्हावी लागतात, असं त्या सारखं म्हणत. पुढे ऑक्सिजनचा प्लांट आणि प्रत्येक खाटेपर्यंत पाइपलाइन द्यायचंही संस्थेच्या मनात आहे, असं त्यांनी सांगितलं.

निघताना त्यांनी अण्णांना विचारलं, सगळी झाली ना? मी शेजारीच उभी होते. अण्णा म्हणाले, "व्हय की, झाली सगळी." पण एक खोकं त्यांनी सलाइनच्या खोक्यांमागे सरकवून ठेवलं होतं. न उघडलेलं, पट्टी न फाडलेलं. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. उरलेला एक ट्रान्सफॉर्मर मॅडम पुढच्या गावाला घेऊन गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी बशीरभाई पेशंटला सोडून परत आले आणि ड्रायव्हरच्या जागेवरून उतरून सरळ पेशंटच्या बाकावर बसले. ओठ निळसर. बोटाला यंत्र लावलं तर आकडा बघवेना. सगळी मशीनं माणसांना लागलेली, सिलिंडरची गाडी सोलापूरहून निघालेली पण वाटेत. डॉक्टरसाहेब फोनवर फोन लावत होते. आणि अण्णा स्टोअरकडे पळत गेले. त्या माणसाला पळताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

परत आले ते खोकं ढकलत. आम्ही बघतच राहिलो. त्यांनी स्वतःच्या हातांनी पट्टी ओढली, थर्माकोल उपसला. मशीन कोरं करकरीत. प्लगच्या पट्ट्या चपट्या, आपल्या सॉकेटमध्ये बसेनात. डॉक्टरसाहेब आतल्या खोलीत होते, मी नळी आणायला धावले होते. त्या घाईत ट्रान्सफॉर्मर कुणालाच आठवला नाही. कुणीतरी प्लग कापला, वायरी सोलल्या आणि काड्यापेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवल्या, जसं आपल्याकडे सगळेच करतात. मशीन क्षणभर घरघरलं. मग जळका वास आला, थोडा धूर निघाला आणि ते बंद पडलं. अण्णा त्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मी त्यांचा हात धरून बाजूला केला.

सिलिंडरची गाडी संध्याकाळी आली. बशीरभाई त्याआधी गेले होते.

अण्णांनी काही लपवलं नाही. मॅडमना फोनही त्यांनीच केला. त्या आल्या तेव्हा मला वाटलं, आता चांगलंच झापतील, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा अण्णांचा रागच आला होता. पण त्या जळलेल्या मशीनजवळ जमिनीवर बसल्या. मग मला म्हणाल्या, "सिस्टर, आम्ही यांना मशीन दिलं. पुन्हा मागितलं तर पुन्हा मिळेल, हा भरवसा द्यायचा राहिला." तो भरवसा देणं एकट्या त्यांचं काम नव्हतं, आमच्या सगळ्या यंत्रणेचं होतं, आणि ते कित्येक वर्षं राहिलंच होतं. पुढे संस्थेने शब्द पाळला. प्लांट आला, पाइपलाइन आली, स्टोअरची नवी पद्धत आली. आलेला माल त्याच दिवशी उघडायचा, चालवून बघायचा, हा नियम आज मी इन्चार्ज म्हणून पाळते आणि इतरांना पाळायला लावते.

निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने अण्णा वेगळेच वागले. मागाल त्याच्या दुप्पट देत. मागचं कपाट सताड उघडं असे. हातमोज्यांचा एक डबा मागावा तर दोन पुढे करत आणि घ्या घ्या म्हणत. ते बघवत नसे. मला माझे जुने भांडकुदळ अण्णा हवे होते. निरोपाच्या दिवशी बोलायला उभे राहिले आणि किल्ल्या टेबलावर ठेवून खाली बसले.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी गेले. फार वाळले होते. प्लांट व्यवस्थित चालतोय, सगळ्या खाटांना पाइप आहे, हे मी मुद्दाम रंगवून सांगितलं. ते ऐकत होते. मग मनात बरेच दिवस साठलेलं मी बोलून टाकलं. डॉक्टरसाहेब म्हणतात, ते मशीन चाललं असतं तरी बशीरभाई वाचले नसते, त्यांना त्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन लागत होता. तुम्ही आता मनाला लावून घेऊ नका.

अण्णांनी नजर अंगणाकडे वळवली.

"डॉक्टर खरंच बोलत असतील की," ते म्हणाले. "पर तुमी नळी आणाया गेला व्हता, तुमी ऐकलं न्हाय. मी खोकं घिऊन आलो तवा बशीर हसला. मला म्हनला, मेरे वास्ते रख्या था क्या, अण्णा?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी व्हय म्हनलो," अण्णा म्हणाले.