धुळाचं पोलकं

"हे तर बायकांचं पोलकं हाय बे!" असं कुंडलिक शिंप्यानं भर बाजारात दहा माणसांदेखत जाहीर केलं आणि आपल्याच हातानं आपल्याच पायावर कात्री मारून घेतली.

बाजार सोलापूरचा, मंगळवारचा. परदेशातून गाठोड्यांनी आलेले जुने कपडे तिथं ताडपत्रीवर ढिगानं ओतलेले असत. हे मेलेल्या साहेबांच्या अंगावरून काढतात, असं लोक म्हणत आणि तेच लोक कोपरापर्यंत हात घालून ते उपसत. बसवंतवाडीहून कुंडलिक दोऱ्याची रिळं न्यायला आला होता. सोबत त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, मेंढरं राखणारा धुळा. कुंडलिकनं ढिगात हात घातला आणि एक शर्ट ओढून काढला. रंग विटकरी. खांद्यावर काळ्या कापडाची वेगळी जोड, ती छातीवर टोकदार होत उतरलेली, तिच्यावर रेशमाचे गुलाब. आणि पुढं काजं नाहीतच! शिंपल्यासारखी चकाकणारी बटणं, दाबली की टिच्चकन बसणारी.

आता टिचबटण म्हणजे बाईमाणसाचं, हे कुंडलिकच्या डोक्यात शिवण शिकवणाऱ्या उस्तादानं पट्टीनं मारून बसवलं होतं. पुरुषाच्या सदऱ्याला काज, पोलक्याला टिचबटण. त्यातून वर गुलाब! त्यानं तो शर्ट छातीशी धरला, मान वेळावली, दोन मुरके मारले. लोक हसले. मग त्यानं तो धुळाच्या अंगावर भिरकावला.

"घे, तुज्या मेंढीला घाल."

धुळा हसला नाही. त्यानं शर्ट उलटा केला, सुलटा केला, शिवण ओढून बघितली आणि विकत घेतला.

कुंडलिकचं हे असं कसं झालं, ते कळायला कुंडलिक कोण ते कळलं पाहिजे. हा गडी सोलापुरात दोन वर्षं एका दुकानात काजं करत बसला होता. १९७२ साली दुष्काळात गाव खडी फोडत असताना हा एक जुनं शिलाई मशीन घेऊन परत आला आणि रस्त्याकडेला पत्र्याच्या खोपटात दुकान थाटलं. गावातली पहिली बेलबॉटम त्याची. पहिली लांब कॉलर त्याची. कानावर खडू, गळ्यात टेप आणि केसांना इतकं तेल की माश्यासुद्धा घसरून पडाव्यात. नवरदेव त्याला विचारल्याशिवाय कापड घेत नसत. गावात कुणी बरा दिसत असेल तर तो कुंडलिकमुळं, आणि सगळ्यात बरा दिसायचा तो कुंडलिक, अशी दोन वर्षं वहिवाट होती.

ती धुळानं आठवड्यात मोडली.

पौषाचे दिवस. चार दिवस मळभ धरलेलं. ज्वारी निसवलेली, माळावर धुकट पांढुरकं ऊन, तेही असलं तर. कुंडलिक सायकलवरून येत होता आणि टेकाडावर धुळा उभा होता. डोक्याला मुंडासं, एका खांद्यावर काळं घोंगडं, खाली गुडघ्यापर्यंत धोतर आणि मधे तो विटकरी शर्ट. मागं करडं आभाळ, पुढं मेंढरं. काठीवर रेलून तो कुठंतरी लांब बघत होता. बहुधा चुकलेलं कोकरू शोधत असावा. पण दिसत होता असा, की कुंडलिकची सायकल आपोआप थांबली.

धोतरावर असला शर्ट! नियमानं हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. त्याऐवजी त्यानं आपली लांब कॉलर चाचपून बघितली.

घरी येऊन त्यानं आरशात आपली बेलबॉटम पुढून बघितली, मागून बघितली. बायको चांगुणा भाकरी थापत म्हणाली, "काय हरवलं का वो?"

"काय न्हाय."

"मग मागं वळून काय बघताय?"

त्या दिवसापासून कुंडलिकला दुसरा उद्योग उरला नाही. धुळानं आज बाही किती दुमडली, वरची बटणं किती उघडी टाकली, घोंगडं डावीकडं की उजवीकडं, हे सगळं तो चोरून बघायचा आणि जळायचा. आणि दुकानात आलेल्या प्रत्येकाला हसून सांगायचा, "अरं ते पोलकं हाय, पोलकं! म्या सोता बगितलंय. टिचबटणं हायत की!" शिंप्याचा शब्द. गावानं तो उचलला. पाणवठ्यावर पोरी तोंडाला पदर लावू लागल्या, पारावर म्हातारे विचारू लागले, "काय धुळूबाई, कुटं निघालीस?"

अशात एका दुपारी दुकानासमोर स्कूटर थांबली. सोलापूरचा फोटोग्राफर अंबादास. एका चादरीवाल्या व्यापाऱ्याच्या, पाडव्याला निघणाऱ्या कॅलेंडरसाठी त्याला फोटो काढायचा होता.

"माळावर एक मेंढरंवाला बघितला आत्ता. लाल शर्ट. कोण तो?"

कुंडलिकनं सुईत दोरा ओवता ओवता बोट टोचून घेतलं. "हाय एक. पर सायब, फोटू काडायचा तर मानूस जरा..." आणि तो उभा राहिला. कॉलर सारखी केली.

अंबादासनं त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "तुम्ही छान दिसता. पण स्टुडिओतल्यासारखे. मागं पडदा, बाजूला फुलदाणी." मग म्हणाला, "उद्या सकाळी येतो. त्याला सांगा, तोच शर्ट, तीच बटणं. काही बदलायचं नाही. तो नाही जमला तर मग तुम्ही आहातच."

स्कूटर गेली, पण 'तुम्ही आहातच' दुकानातच राहिलं. बारा महिने भिंतीवर! सोलापुरात, अकलूजला, कुठंकुठं. आणि तारखांच्या वर ऐटीत उभा कोण?

तासाभरानं धुळा आला. उघडाच, घोंगडं पांघरून. हातात शर्ट.

"कुंडा, ही टिचबटणं काड बाबा. काजं कर सादी. पोरवडा पोलकं पोलकं करत मागं लागतंय. कुत्री बी भुकत्यात."

देव देतो तेव्हा असं आणून हातात देतो. कुंडलिकनं निरोपाचा शब्द काढला नाही. पक्कड घेतली. तीन चार हिसके दिल्यावर पहिलं बटण सुटलं. मागचा चाप वाकडातिकडा होऊन निकामी झाला. दुसरं. तिसरं. एकेक निघताना त्याला आतून गार गार वाटत होतं. चौथं.

"वाईट वाटतं गड्या," धुळा उंबऱ्यावर बसून म्हणाला. "सगळ्यास्नी म्या सांगतो, ह्यो कुंडलिकनं निवडल्याला हाय म्हनून."

पक्कड थांबली. "म्या कवा निवडला?"

"आं? ढिगात शंभर सदरं व्हती. तू योकच वडून काडलास. तू चेष्टा करत व्हतास, पर हात तर शिंप्याचा हाय की. म्हनलं, त्यो खोटा न्हाय पडायचा. म्हनून तर घेतला."

कुंडलिकनं त्या चार भोकांवरून बोट फिरवलं. समोरचा शिव्या देईल तर जळायला सोपं जातं. हा तर कौतुक करत होता, तेही मनापासून. जळणं तसंच होतं, पण आता त्याची लाजही वाटायला लागली.

"धुळ्या," तो शेवटी म्हणाला, "टिचबटणं ऱ्हाऊ देत. सायबांचं सदरं असंच असतंय. म्या चुकलो." शिंप्यानं हे म्हणणं म्हणजे वैद्यानं औषध चुकलं म्हणणं. ते गिळून त्यानं फोटोचाही निरोप सांगून टाकला.

धुळाचे डोळे मोठे झाले. "आन काडल्याली चार?"

तीच तर गोची. वरचे चकाकते शिंपले शाबूत होते, पण आतले चाप मोडलेले. दुकानात टिचबटण एक नव्हतं. सकाळीच शेवटचं डझन पाटलाच्या पोरींच्या पोलक्यांना लागलं होतं. कुंडलिक मागच्या घरात शिरला. दोरीवर चांगुणाचं संक्रांतीचं नवंकोरं पोलकं होतं. त्यानंच शिवलेलं. चार टिचबटणं.

"अवो! अवो, माजं पोलकं!" चांगुणा पिठाच्या हातानं धावत आली. "उसवताय काय?"

"उसनं घेतोय. मंगळवारी आणून देतो."

"धुळूभावजींच्या सदऱ्याला? इतकी माया कवापासनं आली?"

चारही बटणं मुठीत घेऊन तो दुकानात आला. ती त्यानं अशी बसवली, की आत पोलकं आणि बाहेर शिंपला, कुणाला कळू नये.

सकाळी माळावर धुकं होतं. मेंढरांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या, पाय नाहीत. कुंडलिक नवा सदरा घालून, तोंडाला पावडर लावून एका बाजूला उभा होता. न जाणो. अंबादासनं धुळाच्या खांद्यावर चादर टाकली, कॅमेऱ्यातून बघितलं, चादर काढली, परत टाकली. जमेना. धुळा खांबासारखा ताठ झालेला.

कुंडलिकला ते बघवेना. "तशी न्हवं," तो ओरडला आणि पुढं झाला. "चादर डाव्या खांद्यावर. उजवीकडचे गुलाब झाकू नका. ही बाही कोपराच्या वर, ती तशीच लोंबू दे. वरची दोन बटणं उघडी. काठी बगलंत घे, आन लेका, कोकरू हुडकल्यागत बघ की!"

महिनाभर जळून जळून त्यानं तो शर्ट इतका बघितला होता, की खुद्द धुळालाही तो तेवढा ठाऊक नव्हता. अंबादासनं मान डोलावली आणि खटका दाबला. कुंडलिकनं आपल्या हातानं धुळाला राजा केला आणि बाजूला होऊन दात आवळले.

कॅलेंडर आलं. चावडीत लागलं, शाळेत लागलं. धुळानं एकदा बघितलं, "मेंढरं बरी आल्यात," म्हणाला आणि माळावर गेला. पण गावातली पोरं दुकानावर कापड घेऊन यायला लागली. "धुळासारखा शिव. टिचबटणाचा. गुलाब बी काड."

धुळासारखा! कुंडलिकसारखा कुणी म्हणेना. तो मापं घेतो, खालच्या मानेनं गुलाब काढतो आणि दर मंगळवारी सोलापुराहून डझनांनी टिचबटणं आणतो. ती सगळी पोरांच्या सदऱ्यांना लागतात.

चांगुणानं संक्रांत सेफ्टीपिन लावून काढली. आता नागपंचमी आली.

"माजी चार बटणं?" ती विचारते.

"देतो की," कुंडलिक म्हणतो, "ह्या मंगळवारी."