इडवाल प्रॉसरचा पाय

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात पोरं खाणीत उतरायची आणि म्हातारी होऊनच वर यायची. इडवाल प्रॉसर तेवढा निसटला. त्याचा हात बॅटवर बरा बसला होता, म्हणून बेसबॉलच्या एका धंदेवाईक संघाने त्याला उचललं. उन्हात उभं राहण्याचा पगार मिळतो, याचं त्याच्या बापाला शेवटपर्यंत नवल वाटायचं.

१९११ च्या उन्हाळ्यात एक चेंडू त्याच्या डाव्या कानशिलावर बसला. महिन्याभराने तो मैदानात परतला. डोकं बरं झालं होतं, पण भीती पायात उतरली होती. चेंडू सुटला की डावा पाय आपोआप मागे सरायचा. असली बातमी दडत नाही. गावोगावचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आधी एक चेंडू त्याच्या कानाजवळून काढायचे आणि मग निवांत तीन बाहेरून टाकायचे. त्याची बॅट तिथवर पोचायचीच नाही, आणि तीन हुकले की खेळाडू बाद. बाकांवरून लोक ‘घरी चालला, घरी चालला’ म्हणून ओरडायचे. दुसऱ्याच्या भीतीची माणसांना एवढी मजा का वाटते, देव जाणे.

इडवालने काय नाही केलं! बायकोला, मार्गेडला, तो लोकरीचे गुंडे अंगावर फेकायला लावायचा. गुंड्यांना पाय भ्यायचा नाही.

ऑगस्टात मॅनेजर स्लॅटरीने त्याला बाजूला घेतलं. “प्रॉसर, आज शेवटचं बघतो. तुझा पाय घरी निघाला, तर तूही त्याच्या मागोमाग जा.”

इडवालची पाळी आली तेव्हा मार्गेड पुढच्याच बाकावर होती. पहिला चेंडू कानाजवळून गेला. पाय हलला नाही. मग तीन चेंडू मधोमध आले, शाळकरी पोरानेही टोलवले असते असे. तिन्ही वेळा बॅट नुसती हवेत फिरली. स्लॅटरीने परतीचं तिकीट त्याच्या हातावर ठेवलं.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “पाय नाही हलला गं. बघितलंस ना?”

तिने त्याचा चेहरा बघितला होता. प्रत्येक चेंडूला त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते.

“नाही हलला,” ती म्हणाली.

इडवाल पुन्हा खाणीत उतरला. आपण नशिबाने हरलो, भ्यालो मात्र नाही, असं तो सोबत्यांना आयुष्यभर सांगत राहिला. ते बोलणं निघालं की मार्गेड उठून चुलीकडे जायची.