तिसऱ्या आठवड्यातली सुट्टी

शाळेच्या ऑफिसात ताई माझ्या समोरच्या टेबलावर बसते. साहित्यात एम.ए. करून मी हजेरीपटांना कव्हरं घालायला लागले, तेव्हा काम शिकवलं ते तिनंच. शांत बाई. सुट्ट्यांची यादी तीच टाइप करते. मुख्याध्यापक सही करतात, मग यादी फलकावर लागते.

त्याआधी ती आणखी एकाला कळायची. तळ्याकाठच्या हॉटेलच्या मालकाला. तो दर वर्षी फोन करायचा, ताई तारखा सांगायची, आणि त्या आठवड्याचे खोल्यांचे भाव अडीचपट व्हायचे. ताईला त्याच्याकडून नव्या वर्षाची एक डायरी भेट मिळायची. "गोड बोलतो गं," ती म्हणायची. फोनचा आणि भावाचा संबंध तिनं कधी जोडलाच नव्हता.

मागच्या वर्षी तिनं स्वतःसाठी खोली सांगितली. चार महिने आधी, फोनवर, साध्या भावात. नवरा, दुसरीतली मुलगी, दोन रात्री. मुलगी घरूनच गळ्यात पोहायची रबरी रिंग घालून निघाली होती.

"सुट्टीचा भाव लागेल, बाई," काउंटरवर मालक म्हणाला.

"अहो, पण तुम्ही कबूल केलं होतं."

"पावती आहे?"

नव्हती.

"मग कशाला घोळ घालताय? मागे लोक उभे आहेत."

तो खुर्चीतून उठलाही नाही. तिघांनी बस स्टँडवर डबा खाल्ला आणि परतीची गाडी पकडली.

सुट्टीनंतर मुलीनं निबंधात लिहिलं, 'आम्ही तळ्यावर गेलो होतो पण तळं बंद होतं.' वर्गबाई हसत हसत वही ऑफिसात घेऊन आल्या. ताई हसली नाही. तिनं त्या पानाची झेरॉक्स काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

या वर्षी फोन आला तेव्हा मी समोरच होते. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय बाई, विसरलात की काय आम्हाला?"

"तुम्हाला कशी विसरेन?" ताई म्हणाली. "घ्या लिहून. दुसरा आठवडा."

सुट्टी तिसऱ्या आठवड्यात होती. मी तोंड उघडलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

संध्याकाळी ती शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. मुलांना न्यायला आलेल्या आयांना एकेक करून सांगत गेली. तिसरा आठवडा. आजच हॉटेलात जा. सगळे पैसे भरा, शिक्क्याची पावती घ्या.

"नक्की ना, ताई?"

"मीच टाइप केलंय."

चार दिवसांत तिसरा आठवडा साध्या भावात भरून गेला. बिनसुट्टीचं एवढं गिऱ्हाईक मिळालं म्हणून मालक खूश होता म्हणे. दुसऱ्या आठवड्याकडे कुणी फिरकलंच नाही.

यादी फलकावर लागली त्या दुपारी तो तणतणत शाळेत आला.

"तुमच्या बाईंनी मला फसवलं!"

"तारखा बाहेर सांगायच्याच नसतात," मुख्याध्यापक म्हणाले. मग ताईकडे वळले. "तुम्ही सांगितल्या?"

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार होतं?

"हो सर. सहा वर्षं सांगतेय. खोट्या फक्त या वर्षी."

तिला मेमो मिळाला. पगारवाढ अडकली. मी म्हटलं, "ताई, सरळ नाही म्हणायचं ना!"

"मग त्याला वाटलं असतं, चुकून झालं."

ताईच्या नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून तिसऱ्या आठवड्यात तिच्या आणि मुलीच्या बरोबर मी गेले. काउंटरवर मालकानं पावती पाहिली. किल्ली टेबलावर टाकली.

"अशी नाही," ताई म्हणाली. "उठा. तिच्या हातात द्या."

मागे लोक उभे होते. तो उठला. मुलगी माझ्या मागे लपली होती. तिनं घाबरतच किल्ली घेतली.

मी मुलीला पाण्यात नेलं. ताई काउंटरसमोरच्या खुर्चीत बसली. एकेक कुटुंब आत यायचं, पावती पुढे करायचं, आणि ती मालकाचा चेहरा बघायची. जेवणापुरती उठायची. पुन्हा तिथेच.

दुसऱ्या दिवशी मुलगी ओल्या कपड्यांनी धावत आत आली, मागोमाग मी.

"आई, मला तरंगता येतं! चल ना बघायला!"

"आलेच हं," ताई म्हणाली. दारातून आणखी एक कुटुंब आत येत होतं. तिची नजर हलली नाही.

मुलगी थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "मावशी, तूच चल."