पितळी मुठीची बिअर

थांबारावांना थांबाराव हे नाव पडलं ते त्यांच्या बिअरमुळे. कुणी म्हणालं, जरा चाखायला द्या, की ते हात वर करून सांगणार, ‘थांबा, अजून तयार नाही.’ बारवाला पिंपं न्यायला टेम्पो घेऊन दारात उभा असला तरी तेच आणि बायको जेवायला हाका मारत असली तरी तेच. घाई केली की बिअर रुसते, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःच्या ठाम मतांवर त्यांचं जिवापाड प्रेम होतं.

त्यांची ब्रुअरी होती बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. भिंती चांगल्या हातभर जाड, त्यामुळे आत ऐन उन्हाळ्यातही गारवा. टाक्या एका डेअरीतून आणलेल्या. त्यातल्या एकीवरचं गाईचं चित्र किती घासलं तरी जाईना, म्हणून शेवटी त्या टाकीलाच गाय म्हणू लागले. मोड आणून भाजलेली बार्ली गरम पाण्यात पडली, की गल्लीभर असा गोड, खमंग वास सुटायचा की नवखा माणूस पाव घ्यायला दारात येऊन उभा राही. त्यालाही आतून आवाज यायचा, थांबा.

बिअर मात्र खरोखर चांगली होती. गुळगुळीत कागदावर जाहिराती छापणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी गपगुमान येऊन शिकावं अशी. पण जगाची रीत अशी, की ज्याचा फलक मोठा त्याची चव मोठी. थांबारावांकडे फलकच नव्हता. त्यांची बिअर एकाच ठिकाणी मिळायची, कोपऱ्यावरच्या बारमध्ये, आणि तिथेही त्यांच्या नावानं नाही.

ही सगळी बारवाल्याची करामत. सुरुवातीलाच त्यानं सांगितलं होतं, की लोक आधी डोळ्यांनी पितात. मागच्या गल्लीतली बिअर म्हटलं तर नाकं मुरडतील. मग त्यानं जुन्या बाजारातून एक जड पितळी मूठ आणली आणि ती नळावर बसवली. मुठीवर कुणालाच वाचता न येणारी परकी अक्षरं कोरलेली होती. बहुधा एखाद्या वजनकाट्याचा तुकडा असावा. पण महिन्याभरात नेहमीची गिऱ्हाइकं एकमेकांना सांगू लागली, की ही बिअर बोटीनं येते, डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यात बनते आणि ती बनवणारं घराणं म्हणे फार जुनं आहे. थांबारावांनी तेव्हा मान डोलावली होती. त्या एका डोलावण्याचा पश्चात्ताप ते पुढे रोज थोडा थोडा करत आले.

त्यांना सगळ्यात जास्त झोंबायचं ते मेहुण्यांच्या तोंडचं कौतुक. मेहुणे म्हणजे बायकोचे धाकटे भाऊ, फरशांचं मोठं दुकान असलेले. फरशांच्या कुठल्याशा प्रदर्शनासाठी ते एकदा आठवडाभर परदेशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून बिअर, हवामान आणि लोकशाही या तिन्ही विषयांत त्यांना कुणी काही शिकवू शकत नव्हतं. आले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘काय भाऊजी, भट्टी कशी चाललीये?’ थांबाराव दर वेळी सांगायचे, की भट्टी नाही, ब्रुअरी. मेहुणे दर वेळी हसायचे. मग पाय पसरून बसायचे आणि कोपऱ्यावरच्या बारमधल्या त्या परदेशी बिअरची तारीफ सुरू करायचे. तिचा फेस कसा, तिचा रंग कसा. भाऊजींनी एकदा पिऊन बघावी, चार गोष्टी शिकायला मिळतील.

स्वतःच्याच बिअरकडून चार गोष्टी शिकण्याचा सल्ला ऐकून थांबाराव आतल्या आत उकळायचे आणि त्याच वेळी अंगावर मूठभर मांसही चढायचं. खरं सांगून टाकायचा मोह किती वेळा झाला असेल. पण बारवाल्याला शब्द दिला होता. शिवाय नळावर स्वतःचं नाव लागेल, मेहुणे त्याच नळाखाली पेला धरून उभे असतील आणि तेव्हाच त्यांना कळेल, हे चित्र थांबारावांनी मनात इतक्यांदा रंगवलं होतं, की ते अर्धवट उरकायला जीव होत नव्हता. आयुष्यात त्यांना दुसरं काही नको होतं. नळावर नाव हवं होतं.

कामात त्यांच्यासोबत बायको असायची. टाक्या घासायच्या, पिंपं वाफेनं धुवायची, पहाटे उठून टाक्यांचं तापमान बघायचं, भिजवून उरलेला चोथा गोठ्यावर पाठवायचा, हे सगळं तिच्याकडे. हंड्याशी उभं राहून उकळी सांभाळायचा आणि हॉप्स टाकायचा मान मात्र थांबारावांचा. हॉप्स म्हणजे वाळवलेली हिरवी फुलं. बिअरला कडवटपणा येतो तो त्यांच्यामुळे. कुणी विचारलं, तर थांबाराव मोकळ्या मनानं सांगायचे, की घरातून मदत असते. यात आपण काही चुकीचं बोलतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. खरं तर आपण फार दिलदारपणे बोलतोय असंच वाटायचं.

आणि मग एका सकाळी बार्लीचं पोतं उचलताना त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी दीड महिना आडवं राहायला सांगितलं. बारमधली पिंपं संपत आलेली. शेवटी बायको म्हणाली, मी करते. थांबारावांनी असा चेहरा केला, की जणू विमान चालवायला मागतेय. पण इलाज नव्हता. घरातली खाट समोरच्या खिडकीशी ओढली, कारखान्याचं दार सताड उघडं ठेवलं, आणि मधल्या अंगणावरून थांबारावांचं मार्गदर्शन सुरू झालं. पाणी तापलं का? ढवळलं का? उलट्या बाजूनं ढवळ. उकळी आली का? आली तर बोलत का नाहीस? ती दारात येऊन उत्तरं देत होती, आत जाऊन काम करत होती, आणि ओठ मिटून घेत होती.

हॉप्स तीन वेळा टाकायचे असतात. उकळी आली की एकदा, मध्यावर एकदा आणि गॅस बंद करायच्या जरा आधी शेवटची पिशवी. ही शेवटची पिशवी तिच्या हातात होती, तेवढ्यात अंगणापलीकडून जिवाच्या आकांतानं हाक आली. ती धावली. थांबारावांचा चष्मा खाटेखाली पडला होता. तो काढून दे, उशी सरळ कर, पाणी दे, आणि आता इथे आलीच आहेस तर उकळीचा रंग कसा दिसतो तेही सांग. ती परत गेली तेव्हा वेळ टळून गेली होती. तिनं घाईघाईनं गॅस बंद केला आणि सगळा रस गार करून गाईत सोडला. मग वळून बघते तर टेबलावर ती पिशवी तशीच.

नवऱ्याला सांगावं, तर दीड महिन्याचं भाषण ऐकावं लागणार. फेकून द्यावी, तर जीव होईना, कारण ती फुलं मोठ्या मिनतवारीनं मिळायची. तिनं पिशवी फळीवर मागे दडवली. काही दिवसांनी थांबाराव काठी टेकत अंगणापर्यंत येऊ लागले, तेव्हा तिचा धीर सुटला. हा माणूस फळी न् फळी तपासणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते दुपारी झोपलेले बघून ती आत गेली, गाईचं झाकण उघडलं, सगळी फुलं आतल्या गार बिअरमध्ये ओतली आणि झाकण लावून टाकलं. हॉप्स उकळायचे असतात, गार बिअरमध्ये टाकणं म्हणजे आमटी झाल्यावर वर कच्ची डाळ भुरभुरण्यासारखं आहे, हे वाक्य तिनं नवऱ्याच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं होतं. पण पुरावा नाहीसा होणं जास्त महत्त्वाचं होतं.

पिंपं बारमध्ये गेली. आठवड्याच्या आत मेहुणे समाचाराला म्हणून आले, पाठीची चौकशी दोन शब्दांत उरकली आणि खुर्ची ओढून म्हणाले, की त्या परदेशी लोकांनी या वेळी कमाल केलीये. पेला नाकाशी नेला की आधी वास येतो, लिंबाच्या पानांसारखा. त्यांनी स्वतः दोन मित्रांना मुद्दाम नेऊन पाजली. त्यानंतर बारवाल्याचा फोन. नळापाशी रांग लागतेय, म्हणाला. आता लपवण्यात राम नाही. रविवारी दुपारी सगळ्यांसमोर मूठ काढतो आणि तुमच्या नावाची पाटी लावतो. पेंटरला बोलावलंय.

थांबारावांची पाठ त्या फोननं जितकी सरळ झाली तितकी डॉक्टरांनाही करता आली नव्हती. उठून कारखान्यात गेले, शिल्लक पिंपातून पेलाभर बिअर काढली, उजेडात धरली, आणि नाकाशी नेऊन तशीच खाली ठेवली. पुन्हा उचलली. घोट घेतला. वास त्यांना ओळखता येत नव्हता. चव त्यांचीच होती, पण तिच्यावर काहीतरी ताजं, हिरवं, हसरं येऊन बसलं होतं. इतकी चांगली बिअर त्यांनी आजवर केली नव्हती.

बायकोला विचारलं, तेव्हा ती आधी टाक्या पुसत राहिली आणि मग सगळं सांगून मोकळी झाली. चष्मा, पिशवी, गाय, सगळं. वर म्हणाली, की बिघडली असेल तर ओतून टाकू या. थांबारावांनी नुसता आणखी एक घोट घेतला. भाषण येत नाही हे बघून तीच घाबरली.

पुढचे दिवस त्यांनी स्वतःशी हुज्जत घालण्यात घालवले. कृती माझी. यीस्ट माझं. टाकी माझी. बायकोसुद्धा माझीच. चूक तिची असली तरी हाक माझी होती, म्हणजे चुकीतही वाटा माझाच. वकील म्हणून ते काही वाईट नव्हते. पण रात्री कूस बदलली की दिसायची ती अंगणातून खाली मान घालून येणारी-जाणारी बायको, आणि मग बारवाल्याची ती पितळी मूठ आठवायची. दुसऱ्याची बिअर आपल्या मुठीखाली खपवणाऱ्या बारवाल्याला त्यांनी इतकी वर्षं मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता ते सगळं स्वतःला लावून बघताना त्यांना शरम वाटली.

रविवारी बार गच्च भरला. बायको रिकामी पिंपं परत न्यायला म्हणून मागच्या दारानं आली होती आणि तिथेच उभी होती. पेंटर कोरी पाटी आणि रंगाचा डबा घेऊन नळाशेजारी स्टुलावर बसला होता. बारवाल्यानं पेला वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि सांगून टाकलं, की ही बिअर बोटीनं वगैरे येत नाही, मागच्या गल्लीतून येते, आणि हे बसलेत ते थांबाराव तिचे मालक. लोकांनी तोंडात बोटं घातली. मेहुण्यांचा हात पेल्यासकट हवेतच राहिला. हेच ते चित्र. थांबारावांनी रंगवलं होतं त्याहूनही झकास.

मेहुणे मात्र पक्के दुकानदार. क्षणभर चेहरा पडला, मग सावरून म्हणाले, की मला पहिल्यापासून संशय होताच. आणि पुढे येऊन त्यांनी थांबारावांचा हात हातात घेतला. या वेळी त्यांचा आवाज खरा होता. ‘भाऊजी, मानलं तुम्हाला. आधीची चांगली होती, पण या वेळची वेगळीच आहे. काय केलंत हो?’

सगळा बार ऐकत होता. थांबारावांनी पेल्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे.

‘ही मी नाही केली,’ ते म्हणाले. ‘तुमच्या ताईनं केली.’

मेहुणे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. आजूबाजूचेही दोघेतिघे हसले. थांबाराव हसले नाहीत, तसं हसू हळूहळू विरलं.

‘चुकून झाली हो ती,’ बायको दारातून पुटपुटली. ‘तुम्ही कशाला आता...’

‘इतकी वर्षं मी बरोबर करतोय,’ थांबाराव म्हणाले, ‘तर कुणी विचारलं नाही. आणि ही एक चुकून झाली असेल, बाकीचं ती चुकून करत नाही. टाक्या ती सांभाळते, म्हणून तर माझी एकही बिअर आजवर नासली नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.’

मेहुणे बहिणीकडे बघत राहिले. मग त्यांनी एक खुर्ची रिकामी करवली, तिला बसवलं आणि विचारलं, की ताई, तू तिथे नक्की काय काय करतेस? आपला भाऊ आपल्याला काहीतरी विचारतोय, याची तिला सवय नव्हती. आधी ती अडखळली, मग बोलू लागली. टाकीला कान लावला की आतली बिअर जागी आहे की निजली ते कसं कळतं, पाणी कुठल्या महिन्यात जड होतं, सगळं. थांबाराव शेजारी उभे राहून ऐकत होते. त्यातल्या कितीतरी गोष्टी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

पेंटरला एवढा वेळ नव्हता. त्यानं ब्रश रंगात बुडवला आणि विचारलं, की मग पाटीवर कुणाचं नाव? बारवाल्यानं बाईंकडे बोट दाखवलं. नाव काय, पेंटरनं विचारलं. बारवाल्यानं डोकं खाजवलं. तो तिला इतकी वर्षं वहिनी म्हणत आला होता. गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. मेहुण्यांच्या तोंडात ताईच्या पुढे काही येईना, आणि ‘अगं’च्या पलीकडे थांबारावांना तरी कधी गरज पडली होती. ते सांगण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात ती उठून पेंटरपाशी गेली आणि एकही अक्षर चुकू नये म्हणून तिनं स्वतःचं नाव त्याला सावकाश, मोठ्यानं सांगितलं.