हातभर आखूड केबल

हिरामण पाटील माझ्या मोबाइलमध्ये 'मीठवाले काका' या नावाने आहेत. माझी आई मासे खारवायला त्यांच्याच मिठागरातलं मीठ आणायची, तेव्हापासूनची ओळख. पुढे मी इलेक्ट्रिशियन झालो, त्यांचं मिठागर गेलं, आणि धरमतरच्या खाडीकाठी त्याच जागेवर मुंबईकरांसाठी बावीस फ्लॅटची इमारत उभी राहिली. बिल्डरने काकांना पहिल्या मजल्यावर एक फ्लॅट दिला आणि खाली पार्किंगची एक जागा. इमारतीचं इंग्रजी नावसुद्धा मिठावरूनच ठेवलंय. ते मीठ पिकवणारा माणूस आत राहतो, हे मात्र निम्म्या लोकांना ठाऊक नाही.

शनिवार-रविवार सोडले तर एकवीस फ्लॅट बंद असतात. काकांच्या पत्नी, कमळकाकू, गेल्या त्याला तीन वर्षं झाली. सोमवारी सकाळी शेवटची गाडी गेटबाहेर पडली की काका जिन्यातले दिवे मालवत खाली येतात, कुणाची खिडकी आपटतेय का ते बघतात, आणि मग शुक्रवारपर्यंत त्यांना काही काम नसतं. एकदा मी बुधवारी गेलो तर ते लिफ्टमधून एकटेच वर-खाली करत होते. बंद राहिली तर बिघडेल, म्हणाले. लिफ्ट अशी दोन दिवसांत बिघडत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायच्या गोष्टी न सांगायची मला खोड आहे.

त्यांचा मुलगा धनेश उलव्याला असतो. बंदरातले कंटेनर ओढणारे चार ट्रेलर आहेत त्याचे. गेल्या वर्षी त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि फोनवर म्हणाला, तुमच्याकडे चार्जिंगची सोय असती तर मुक्कामाला आलो असतो. बोलण्याच्या ओघात बोलला असेल. काकांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी मला बोलावून घेतलं.

आता हिशेब सरळ होता. उलव्याहून इथे साठ किलोमीटरच्या आतबाहेर. तसली गाडी एकदा भरली की अडीचशे तरी जाते. येऊन-जाऊन निम्मी बॅटरी उरते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काम हातचं जाईल म्हणून गप्प बसलास, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण खरं सांगायचं तर म्हातारा इतका खुशीत होता की माझ्याच्याने बोलवेना.

सोसायटीची परवानगी मिळायला चार महिने गेले. मीटिंग मोबाइलवर असते. काकांना आवाज सुरू करता येईना, म्हणून ते शाळेतल्यासारखे हात वर करून बसून राहिले. पुढच्या मीटिंगला मी शेजारी बसलो. कुणीतरी शंका काढली, पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर काय. काका म्हणाले, उधाणाचं पाणी मागच्या भिंतीशी गुडघ्याएवढं येतं, वर कधी गेलं नाही, आपण चार्जरची पेटी छातीएवढ्या उंचीवर लावू. ते पाणी बघायला त्यांच्याखेरीज तिथे कधी कुणी नव्हतंच, तर वाद कोण घालणार? परवानगी मिळाली.

अर्थिंगसाठी खड्डा खणला. त्यात कोळसा आणि मीठ भरतात, म्हणजे ओल टिकते. मी दुकानातून मिठाची पिशवी आणली होती. ती बघून काका वर गेले आणि एक गोणी पायरीपायरीने घसटत खाली घेऊन आले. मिठागराच्या शेवटच्या वर्षाचं मीठ होतं, गोणीचं तोंड काकूंनी शिवलेलं. मी म्हटलं, काका, ही जमीनच खारी, याची गरज नाही, राहू द्या आठवण म्हणून.

"माझाच मीठ टाक," ते म्हणाले. "घरात ठेवून खानार कोन?"

टाके त्यांनी स्वतः उसवले, आणि ओंजळीने मीठ खड्ड्यात सोडलं. मी उगाच पाइप मोजत राहिलो.

मग प्रश्न आला, पेटी लावायची कुठे? गाडीचं सॉकेट पुढे आहे की मागे, धनेशला विचारा, असं मी म्हटलं. काकांना ते नको होतं. त्याला आयत्या वेळी दाखवायचं होतं. ते म्हणाले, मागेच असणार, डिझेलची टाकी मागेच असते. आणि धनेश गाडी उलटीच लावणार, तोंड बाहेर करून. मिठागरावरची ती शिस्तच होती. ट्रक बांधावर रिव्हर्सने घ्यायचा, तोंड रस्त्याकडे, कारण उधाण बांधावरून आलं की गाडी वळवायला वेळ मिळत नाही. धनेशला गाडी काकांनीच शिकवली, त्याच बांधावर, आणि सरळ लावली म्हणून एकदा मारलंही होतं. तेव्हा पेटी मागच्या भिंतीवर. मीही पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर काका रोज ती जागा झाडत. नवीन गादी आणली, उशा आणल्या.

एका रविवारी धनेश आला. चार्जर गाडीला लावून तपासायचा म्हणून मीही होतो. त्याने गाडी थेट रिव्हर्सने आत घेतली, एका दमात, खांबाला न घासता. काका माझ्याकडे बघून हसले. एवढं मोकळं हसताना मी त्यांना काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मी केबल ओढली आणि बघतो तर सॉकेट गाडीच्या नाकावर. केबल हातभर कमी पडली.

मी म्हटलं, काही नाही, गाडी फक्त फिरवून लावा. धनेशने घड्याळ बघितलं आणि तो मला म्हणाला,

"राहू दे ना, दादा. पंच्याहत्तर टक्के हाय. आरामात घरी जाईन."

बोलला आणि चार्जिंगची सबब संपली हे त्याचं त्यालाच कळलं. काका बराच वेळ त्या सॉकेटकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"तुला ठाव व्हता?"

मी होकारार्थी मान हलवली. मला फार लाज वाटली.

धनेश वर गेला, जेवला, तासभर बसला. उद्या ट्रेलर भरायचेत, पुढच्या वेळी नक्की राहतो, असं म्हणाला. वाईट मुलगा नाही तो. बापाच्या पाया पडला, आईच्या फोटोच्याही पडला. साडेतीनला निघाला. गाडीचं तोंड बाहेरच होतं, त्यामुळे वळवण्यात एक मिनिटही गेलं नाही.

काकांनी केबल गुंडाळून पेटीवर नीट अडकवली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, जा, तुझीही घरी वाट बघत असतील.

मंगळवारी त्यांचा फोन आला. पेटी मागच्या भिंतीवरून काढून पुढच्या खांबावर घ्यायची होती. या वेळी मी गप्प बसलो नाही. म्हटलं, काका, तुम्ही ऐकलंत ना, त्याला चार्जिंगची गरजच नाही.

"ऐकला ना," ते म्हणाले. "न यायला त्याला कारन लागला. यायला पन एखादा लागंल. त्यो हातभर कमी परायला नको."

मी ड्रिल घेऊन गेलो. सगळी इमारत बंद होती, भोकं पाडायचा आवाज बाविसाव्या फ्लॅटपर्यंत घुमला. काका टॉर्च धरून उभे होते. अर्थिंगचा खड्डा हलवावा लागेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, ते मीठ आहे तिथेच राहील.