मोंबासाला जाणारी एक्क्याऐंशीवी पेटी

मिरज सोडल्यावर गाडी हळू झाली आणि जयसिंगपूरला चांगली अर्धा तास थांबली. सकाळचे सात वाजले असतील. खिडकीतून उसाचे फड दिसत होते आणि कुठल्यातरी गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा वास येत होता. मुंबईत एका माल रवाना करणाऱ्या कचेरीत मी मापाचा कारकून होतो. सत्तर सालानंतरचे ते दिवस. कोल्हापुरी चपलांना परदेशात अचानक मागणी आली होती, आणि मोंबासाला जाणाऱ्या ऐंशी पेट्या मोजायला साहेबांनी मला कोल्हापूरला पाठवलं होतं.

चपलेसारखा हलका माल जहाजावर वजनाने जात नाही, जागेने जातो. पेटीची लांबी, रुंदी, उंची बाहेरून मोजायची, तीही सर्वांत पुढे आलेल्या पट्टीपासून. तिघांचा गुणाकार म्हणजे तिचं घनमाप. आत काय आहे, याच्याशी जहाजवाल्याला कर्तव्य नसतं.

स्टेशनाबाहेर मिसळ खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा शेजारचा फेटेवाला म्हणाला, "पावणं, कट (वरचा तिखट रस्सा) कमी घ्यायचा हुता की." मग टांग्याने चपलांचे व्यापारी बापू चौगुले यांच्या वखारीत गेलो. कातडं, तेल आणि ताज्या फळ्यांचा वास एकमेकांत मिसळला होता. पेट्या बनवणारे इस्माईलचाचा अंगणात रंधा मारत होते. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. त्यांनी माझ्या टेपचं दुसरं टोक धरलं आणि दुपारपर्यंत आम्ही ऐंशी पेट्या मोजल्या. एकेक पेटी नव्वद बाय पन्नास बाय चाळीस सेंटिमीटर. एकूण चौदा पूर्णांक चार घनमीटर भरले. जहाजावर पंधराची जागा घेतली होती.

"म्हंजे थोडी जागा उरली की," चाचा म्हणाले.

"शून्य पूर्णांक सहा."

जेवणं झाल्यावर चाचा बापूंना बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटले. बापू हसत माझ्याकडे आले. "चाचाची लेक मोंबासाला दिलीया. नवरा शिंपी हाय. पैलं बाळंतपण हाय तिचं. चाचानं पाळणा केलाय. तेवढा बसंल काय बघा. जागेचं पैसं मी भरलेलंच हायत."

पाळणा बघायला आम्ही मागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी गेलो. सागवानी पाळणा, दोन बाजूंना उभे खांब, वर आडवा दांडा. एकही खिळा नव्हता. सगळं खाचेत खाच बसवून सरसाने घट्ट केलेलं. कठड्यावर राघूंची रांग कोरली होती. मी हात लावून बघितला तर झोका आवाज न करता गेला.

"तीन महिनं लागलं," चाचा म्हणाले. "नसीम धाकटी माझी. ती ह्याच खोलीत झाली."

मी टेप लावला. पेटीसकट एकशेवीस बाय पंचाहत्तर बाय एकशेपाच. जवळजवळ एक घनमीटर, पंचाण्णव शतांशाच्या घरात. "बसत नाही, चाचा."

त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा मी माझी हुशारी चालवली. खांब मधून कापले आणि तुकडे पाळण्याच्या पोटात ठेवले तर उंची साठवर येईल. घनमाप शून्य पूर्णांक चौपन्न. मोंबासाला एखादा सुतार पट्ट्या मारून जोडून देईल.

"कापायचं?" चाचांनी विचारलं.

"दुसरा मार्ग नाही."

ते बराच वेळ खांबावरून हात फिरवत राहिले. मग आत जाऊन करवत घेऊन आले. पहिला खांब कापताना त्यांनी मला दांडा धरायला सांगितलं. भुसा माझ्या पायांवर पडत होता. दुसरा खांब त्यांनी एकट्यानेच कापला. संध्याकाळी पेटी ठोकून झाली. मी मोजली, बरोबर चौपन्न शतांश भरली. यादीत एक्क्याऐंशी नंबर टाकून 'लाकडी पाळणा, नग एक' असं लिहिलं. त्या रात्री लॉजवर मला शांत झोप लागली. एका माणसाचं काम केलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ट्रक भरायला सुरुवात झाली. चाळीसेक पेट्या चढल्या असतील, त्यात चाचांचीही होती. तेवढ्यात चाचांची बायको डोक्यावरचा पदर धरून, चप्पल न घालता वखारीत आली. हातात तार होती. तार इंग्रजीत. बापू बँकेत गेले होते. तिने ती माझ्यापुढे धरली.

"साब, पढो. लड़का हुआ की लड़की?"

तारेत थोडेच शब्द होते. मी ते दोनदा वाचले. चाचा हातातला हातोडा तसाच धरून माझ्याकडे बघत होते. खोटं सांगावं, बापू येईपर्यंत थांबावं, असं मनात आलं. पण दोघांची नजर माझ्या तोंडावर होती.

"नसीम बरी आहे," मी म्हणालो. "मुलगा होता. पोटातच गेला."

चाची खाली बसली. रडली नाही. जमिनीवर पडलेला एक खिळा उचलून मुठीत धरला आणि बसून राहिली. हमालांनी काम थांबवलं. कोणीतरी तांब्याभर पाणी आणलं, ते कोणी प्यायलं नाही.

हातोडा खाली ठेवून चाचा म्हणाले, "ती पेटी उतरवा."

"चाचा, तशीच राहिली तरी चालेल. पुढं कधीतरी..."

"पोरीनं पेटी उघडायची आन् त्यात पाळणा बघायचा व्हय? न्हाय. उतरवा."

पेटी उतरवली. चाचांनी जंबुराने एकेक खिळा काढला, फळी फुटू दिली नाही. खांबाचे तुकडे आणि पाळणा भिंतीशी ठेवला. मला तिकडे बघवेना. रिकाम्या पेटीचं काय करायचं, असं एका हमालाने विचारलं. तेव्हा चाची उठली.

"पेटी जाऊ द्या," ती मराठीत म्हणाली. "बाळ न्हाय म्हणून काय झालं? बाळंतीण तर हायच की ती."

ती घरी गेली आणि शेजारणींना घेऊन परत आली. वाकळ (जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी), डिंक, खारीक, खोबरं, आळीव, शेक घ्यायला ओव्याची पुरचुंडी. एकीने आपली नवी शाल ठेवली. चाची प्रत्येक वस्तू हाताने दाबून बसवत होती. जहाजाला किती दिवस लागतील, असं तिने मला विचारलं.

नसीमचे बाळंतपणाचे चाळीस दिवस तोवर होऊन गेलेले असणार, हे मला ठाऊक होतं. "लवकर जाईल," मी म्हणालो.

पेटी अर्धीच भरली. चाचांनी उरलेल्या जागेत गवत घातलं आणि झाकण ठोकलं. मी यादीतलं 'लाकडी पाळणा' खोडून 'घरगुती सामान' लिहिलं. माप बदलायचं कारण नव्हतं. ट्रक निघाला तेव्हा चाचांनी माझा हात हातात घेतला. "तुमी लई केलं आमच्यासाठी," ते म्हणाले. मी मान खाली घातली. मी एक दिवस थांबलो असतो, तर पाळणा निदान अखंड राहिला असता.

परतीच्या गाडीत समोर इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला बसला होता. "कोल्हापूर बघितलासा का? अंबाबाई, रंकाळा?" त्याने विचारलं.

"नाही जमलं."

"मग दोन दिस काय केलं?"

"मापं घेतली," मी म्हणालो आणि खिडकीकडे वळलो.

माझ्या गुणाकारात चूक नव्हती. गोदीतही माल पुन्हा मोजला, आकडे तंतोतंत जुळले आणि साहेबांनी पाठ थोपटली. त्यानंतर पंचवीस वर्षं मी तेच काम केलं. लोक घरची कपाटं, देव्हारे, शिवणयंत्रं घेऊन यायचे. सुटं करून, कापून माप कमी होईल हे मला बघताक्षणी कळायचं. पण मी आधी त्यांना पूर्ण वस्तूचंच माप सांगायचो, आणि दोन दिवस घरी विचार करून या म्हणायचो. कचेरीत त्यावरून मला हसत. मी कधी कारण सांगितलं नाही.